मुलाला निवासी केंद्रात घालण्याआधी कुठला कागद मागायचा?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे दीर अंबडला कारखान्यात आहेत. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा नववीत नापास झाला. गुटखा खातो, रात्र रात्र मोबाइलवर असतो, एकदा आईच्या अंगावर धावून गेला. त्र्यंबक रस्त्याच्या आतल्या बाजूला एक निवासी संस्कार व व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे घालावं असं नातेवाईक म्हणतात. वर्षाला सव्वा लाख. पहिले सहा महिने पालकांनी भेटायचं नाही, फोनसुद्धा त्यांच्या माणसासमोरच. अशा ठिकाणांवर सरकारचं काही नियंत्रण असतं का? कुठला कागद बघायचा? आणि घालावं की नाही?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पैसे भरायची तारीख जवळ आली असेल. घालू नका. सहा महिने आईबापांना मूल दिसणार नाही अशी अट जिथे आहे, तिथे बाकीचे कागद कितीही चोख असले तरी मी माझ्या घरातलं मूल ठेवणार नाही. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते. तुमच्या एका प्रश्नात तीन-चार कायदे गुंतले आहेत आणि ते उलगडून घेतले नाहीत, तर उद्या दुसऱ्या पाटीखालचं असंच ठिकाण कुणीतरी सुचवेल.

मी निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणातली मुलं ठेवतात तिथे, परिविक्षा अधिकारी (मुलाची चौकशी करून त्याच्यावर देखरेख ठेवणारी) म्हणून कामाला लागले. पुढे काळजीची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीवर होते, तपासणी समितीबरोबर जिल्ह्यातल्या संस्थांमध्येही फिरले. इगतपुरीपासून सुरगाण्यापर्यंत मुलं राहतात अशी जवळजवळ सगळ्या प्रकारची ठिकाणं आतून पाहिली. बालगृहं, आश्रमशाळा, मठांना जोडलेली वसतिगृहं, भरतीच्या अकादम्या, आणि एखाद्या रो-हाउसमध्ये वरच्या मजल्यावर वीस मुलं नि खाली संचालकांचं कुटुंब, असंही.

सरकारचं नियंत्रण असतं. मूळ कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं जिथे ठेवली जातात, अशा प्रत्येक संस्थेने नोंदणी केलीच पाहिजे. संस्था सरकारी असो की खासगी, अनुदान घेणारी असो की देणग्यांवर चालणारी. या कलमातले दोन शब्द मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहायचे: 'पूर्णतः किंवा अंशतः'. म्हणजे चाळीस मुलांच्या वसतिगृहात पाचच मुलं अनाथ, टाकलेली किंवा रस्त्यावरून आणलेली असली, तरी ते घर या कायद्याखाली येतं. 'आमचं साधं वसतिगृह आहे' असं म्हणून सुटका होत नाही. नोंदणी न करता चालवलं तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अर्जाला होणारा दर तीस दिवसांचा उशीर हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो.

आता कागदाचं. लोकांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. तुम्ही कार्यालयात जाऊन 'नोंदणी दाखवा' म्हणालात की समोर एक फाइल येते. त्यात धर्मादाय आयुक्तांकडचं न्यासाचं प्रमाणपत्र असतं, आयकराच्या ८०-जी सवलतीचा कागद असतो, कधी नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक असतो, आणि भिंतीवर एखाद्या मंत्र्याबरोबरचा फोटो. हे सगळे कागद खरे असू शकतात. पण त्यातला एकही मुलं ठेवण्याची परवानगी देत नाही. न्यास नोंदवलेला आहे म्हणजे तो गोशाळा चालवू शकतो, वाचनालय चालवू शकतो. मुलं ठेवायला बाल न्याय अधिनियमाखालचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते महिला व बाल विकास विभागाकडून मिळतं, पाच वर्षांसाठी असतं, आणि त्यावर संस्था कशासाठी आहे नि तिची मान्य संख्या किती हे लिहिलेलं असतं. मान्य संख्या तीस आणि आत बावन्न मुलं, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी मोजलं आहे.

आणखी एक कागद पुढे केला जातो, अर्जाची पोच. कायद्यात तशी सोय आहे. अर्ज दिल्यावर महिन्याभरात तात्पुरतं प्रमाणपत्र आलं नाही, तर पोच हीच तात्पुरती नोंदणी समजायची. पण फार तर सहा महिने. मला एकदा चार वर्षांपूर्वीची पोच लॅमिनेट करून दाखवली होती. दाखवणाऱ्याचा हेतू वाईट होता असंही नाही, त्याला खरंच वाटत होतं की एवढं पुरतं. तुम्ही मात्र तारीख बघा.

१ सप्टेंबर २०२२ पासून या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि जिल्हाधिकाऱ्यांची भूमिका वाढली. नोंदणीआधी त्यांची शिफारस विचारात घ्यावी लागते, जिल्हा बाल संरक्षण कक्षावर त्यांची देखरेख असते, आणि संस्था कशा चालल्या आहेत याचं मूल्यमापन ते स्वतः करू शकतात. हा बदल चांगला झाला. नाशिककरांना त्यानंतरचा नोव्हेंबर आठवत असेल. नाशिक-त्र्यंबक परिसरातल्या खासगी आश्रमांमधल्या दोन गंभीर घटना लागोपाठ उघड झाल्या आणि मग जिल्हाभर अशा ठिकाणांची झाडाझडती सुरू झाली. तोवर त्या वाटेने आपण सगळेच जात-येत होतो. अंजनेरीला, त्र्यंबकला दर्शनाला जाताना गाडी थांबवून खाऊ, वह्या देत होतो. कुणी देणगीदाराने दारात 'तुमचं नोंदणी प्रमाणपत्र बघू' असं म्हटल्याचं मी त्या सगळ्या वर्षांत ऐकलं नाही.

आता तुमच्या प्रकरणातली खरी अडचण सांगते. तुमच्या पुतण्याला आई आहे, वडील आहेत, घर आहे, फी भरायची तयारी आहे. कायद्याच्या व्याख्येत तो 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल' सहजासहजी बसत नाही. एखाद्या केंद्रात सगळीच मुलं अशी पालकांनी फी भरून ठेवलेली असतील, तर संचालक म्हणेल की कलम ४१ मला लागू नाही, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. मान्यताप्राप्त निवासी शाळांवर निदान शिक्षण विभागाचा हात असतो. नाशिकला तर अशा शाळांची जुनी परंपरा आहे. देवळालीची बार्न्स १९२५ ची, भोसला सैनिकी शाळा १९३७ ची. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांवर प्रकल्प अधिकारी असतो, आणि त्या विभागाचं आयुक्तालय आपल्या नाशिकातच आहे. पण ज्या ठिकाणाला शाळेची मान्यता नाही, बालगृहाची नोंदणी नाही, रुग्णालयाचा परवाना नाही, आणि पाटीवर 'संस्कार', 'व्यक्तिमत्त्व विकास', 'शिस्त' असे शब्द आहेत, ते दोन कार्यालयांच्या मधल्या फटीत पडतं. महिला-बालविकासवाले म्हणतात शिक्षणाकडे विचारा, शिक्षणवाले म्हणतात ही शाळाच नाही. या फटीत वाढलेल्या ठिकाणांची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

म्हणून नुसत्या एका कायद्यावर विसंबू नका. फटीतल्या ठिकाणालाही लागू होणाऱ्या काही गोष्टी आहेत.

पहिली, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे नियम, २०२०. मुलांना ठेवणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या कुठल्याही संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी करून घ्यायची, तीही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. यात शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या, वसतिगृहं सगळं आलं. शिकवणारा असो, स्वयंपाकी असो, कंत्राटी पहारेकरी असो, कुणालाही सूट नाही. तेव्हा 'रात्री मुलांजवळ कोण झोपतं आणि त्याची पोलिस पडताळणी दाखवा' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. संस्थेच्या प्रमुखाला आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला लैंगिक गुन्हा कळला आणि त्याने पोलिसांना सांगितलं नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरी, मारहाण. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ मूल ताब्यात असलेल्या कुणालाही लागू होतं. क्रौर्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मुलांचा सांभाळ ज्या संस्थेकडे सोपवला आहे तिथल्या माणसाने ते केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी नि पाच लाखांपर्यंत दंड. 'पालकांनी लिहून दिलं होतं' हा बचाव होत नाही. काही ठिकाणी प्रवेश अर्जात 'शिस्तीसाठी आवश्यक ती शिक्षा करण्यास आमची हरकत नाही' अशी ओळ असते. त्या ओळीखाली सही करू नका, आणि ती ओळ दिसली की अर्ज तिथेच ठेवून बाहेर पडा.

तिसरी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, कारण या केंद्राच्या पाटीवर 'व्यसनमुक्ती' लिहिलेलं आहे. व्यसनमुक्तीसाठी माणसाला आत ठेवायचं म्हटलं की मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ येतो. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. अशा केंद्राला मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी तर कलम ८७ मध्ये वेगळी वाट आखून दिली आहे. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ नि त्याच्या जोडीला दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने, त्याला स्वतंत्रपणे तपासून दाखल करण्याची गरज आहे असं म्हणायला हवं. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायला हवं. दाखल केल्याची खबर बहात्तर तासांत याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायची. तीस दिवसांपुढे मुक्काम गेला तर मंडळाने तपासलंच पाहिजे. आणि तो आत आहे तोवर त्याच्यासोबत पालक किंवा पालकांनी नेमलेलं माणूस राहायला हवं, असं कायदा म्हणतो. त्याच कायद्याने साखळदंडाने बांधायला सक्त मनाई केली आहे.

आता तुमची ती सहा महिने न भेटण्याची अट याच्या शेजारी ठेवून बघा. कायदा म्हणतो घरचं माणूस सोबत असू द्या, आणि केंद्र म्हणतं घरच्या माणसाने फिरकायचं नाही. पंधरा वर्षांच्या मुलाचं व्यसन सोडवायचं नाव घेऊन ही अट कुणी घालत असेल, तर त्याला हा कायदा माहीत नाही किंवा माहीत असून तो पाळायचा नाही. दोन्ही तितकंच वाईट.

इथवर कागदाचं झालं. पण मी इतकी वर्षं हे काम केल्यावर मला कागदाइतकीच दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते, आणि ती तुम्हाला नीट सांगायची आहे. नोंदणी असणं ही पहिली पायरी. तिच्यानंतर बाहेरचा डोळा किती वेळा, किती खोल जातो यावर मुलांची सुरक्षितता ठरते.

कायद्याने तशी व्यवस्था केलेली आहे. तपासणी समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक घराला भेट द्यायची. पथकात किमान तिघं, त्यात एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. बालकल्याण समितीने महिन्याला किमान दोन भेटी द्यायच्या. प्रत्येक घरात मुलांची स्वतःची समिती असते, सूचनापेटी असते. पेटी कार्यालयाजवळ लावायची नाही, मुलांच्या खोल्यांजवळ लावायची. तिची किल्ली अधीक्षकाच्या खिशात राहता कामा नये, ती व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे राहते, आणि दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर पेटी उघडायची. ज्याने हा नियम लिहिला त्याला मुलांची घरं आतून माहीत असणार, असं मला नेहमी वाटतं. कारण कार्यालयाच्या दारात लटकवलेल्या पेटीत कुठलंच मूल चिठ्ठी टाकत नाही.

आणि तरीही. एका तपासणीला गेलो तेव्हा सगळ्या मुलांच्या अंगावर नवे कोरे शर्ट होते, दुकानातल्या घडीच्या रेषा अजून पाठीवर होत्या. म्हणजे आम्ही येणार हे आदल्या दिवशीच कळलं होतं. नोंदवह्या लिहून तयार होत्या, वासाचा भात शिजत होता, विचारलं की मुलं एका सुरात 'सगळं छान आहे मॅडम' म्हणत होती. मी नोंदवही बाजूला ठेवली आणि दात घासायचे ब्रश बघायला मागितले. मुलं एकेचाळीस, ब्रश निघाले अकरा. तेव्हापासून मी ब्रश, चादरी आणि संडासाच्या कड्या बघते. आदर्श नियमांत पन्नास मुलांमागे पाच न्हाणीघरं नि आठ संडास सांगितले आहेत, झोपायच्या खोलीत मुलामागे चाळीस चौरस फूट जागा. मोजपट्टी लागत नाही. रात्री चादरी अंथरल्या की दोन मुलांच्या मध्ये चालायला वाट राहते की नाही, एवढं विचारलं तरी समजतं.

देशाला हा धडा मुझफ्फरपूरने दिला. बिहारमधलं ते मुलींचं निवारागृह सरकारी पैशावर चालत होतं, तिथे अधिकाऱ्यांच्या भेटी होत होत्या. २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाच्या सामाजिक लेखापरीक्षणाचा अहवाल आला तेव्हा आतले अत्याचार बाहेर आले. ते मुलींजवळ बसले, बोलले, ऐकून घेतलं. २०२० मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. २०१८ च्याच सुमारास केंद्र सरकारने देशभरातल्या बाल संगोपन संस्थांची जी मोजणी प्रसिद्ध केली, तीत ९,५८९ संस्था निघाल्या, आणि पाहणीच्या वेळी बाल न्याय कायद्याखाली नोंदलेल्या त्यातल्या जेमतेम ३२ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ च्या निकालात त्या वर्षाअखेर सगळ्यांची नोंदणी पूर्ण करा असं बजावलं होतं, ते उगाच नव्हतं.

नाशिक रोड स्टेशनवर सापडलेला एक मुलगा मला आजही आठवतो. चौदा वर्षांचा. रेल्वे पोलिसांनी आमच्याकडे आणला. कायद्याने असं मूल चोवीस तासांत समितीसमोर यावं लागतं. शिस्तीसाठी म्हणून घरच्यांनी ठेवलेल्या एका वसतिगृहातून तो पळाला होता. वडील दुसऱ्या जिल्ह्यातून आले, आणि मुलाला बघताच रागावले, "दर रविवारी फोनवर छान चाललंय म्हणत होतास ना?" मुलगा खाली बघून म्हणाला, "फोन सरांच्या हातात असायचा. स्पीकरवर." वडील काही बोललेच नाहीत त्यावर. नंतर बराच वेळ बाकावर बसून होते. तुमच्या प्रश्नात 'फोनसुद्धा त्यांच्या माणसासमोर' हे वाचलं आणि मला तो बाक दिसला.

काही लोक म्हणतील, धार्मिक ठिकाणी असं होत नसतं, तिथे कशाला सरकार हवं. मी स्वतः श्रद्धावान आहे. त्र्यंबकच्या वेदपाठशाळांमधली, वारकरी परंपरेतली मनापासून मुलं घडवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण देवाचं नाव दारावर असलं की आपण आत डोकावत नाही, हे सगळीकडे घडतं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात धार्मिक निवासी संस्थांना परवान्यातून पूर्ण सूट होती. बिघडलेली म्हणून दुसऱ्या राज्यांतली मुलंसुद्धा आईबाप तिथे आणून सोडत. तिथल्या छळाच्या तक्रारी मोठ्या झालेल्या मुलांनीच वेशीवर टांगल्या, तेव्हा २०२१ मध्ये कायदा बदलून अशा संस्थांना नोंद करणं आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणं भाग पाडलं गेलं. आपल्याकडे निदान तशी सूट कायद्यात नाही. मठ असो, मदरसा असो, चर्चचं वसतिगृह असो, गरजू मुलं ठेवली की कलम ४१ लागतंच.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल मी प्रत्येक खासगी माणसाकडे संशयाने बघते. पेठ भागात एका जोडप्याच्या घरी अठरा मुलं राहत होती. आईबाप द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे बागांवर जायचे, म्हणून मुलं यांच्याकडे. नोंदणी नाही, संडास दोनच, पण प्रत्येक मुलाचं वजन, ताप, परीक्षेचे गुण त्या बाईंना तोंडपाठ. कायद्याच्या दृष्टीने तेही चुकीचंच होतं. आम्ही नोटीस दिली आणि बरोबर बसून मार्गही काढला. काही मुलं शासकीय आश्रमशाळेत गेली. ज्यांची आजी-आजोबा सांभाळायला तयार होते, त्यांना बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून दिला. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या त्या योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि मूल नात्यातच राहतं. बाईंना खूप वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण त्या स्वतः म्हणाल्या, "मला काही झालं असतं तर या पोरांचं काय, हा विचार मी केलाच नव्हता." नोंदणीचा अर्थ तोच. एका चांगल्या माणसाच्या तब्येतीवर आणि स्वभावावर अठरा मुलांचं आयुष्य टांगून ठेवायचं नाही.

तुम्ही अजूनही ते केंद्र बघायला जाणार असाल तर न कळवता जा, आणि संध्याकाळी सातनंतर जा. सकाळी दहाला सगळीच ठिकाणं बरी दिसतात. बाल न्याय अधिनियमाचं किंवा मानसिक आरोग्य कायद्याचं, यातलं कुठलं प्रमाणपत्र आहे ते विचारा. त्यावरचा क्रमांक, मुदत आणि मान्य संख्या मोबाइलमध्ये टिपून घ्या आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, किंवा मानसिक आरोग्याचं असेल तर जिल्हा रुग्णालयात, ते खरं का हे पडताळा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात लेखी मागा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून कोणत्या दिवशी येतात ते विचारून त्यांच्या दवाखान्यात जाऊन खात्री करा. फलकावर नाव असतं आणि त्या डॉक्टरांना पत्ताही नसतो, असं झालेलं आहे. आत राहणाऱ्या एखाद्या मुलाशी मोकळं बोलू द्या म्हणा. नकार मिळाला तर कारण ऐकत बसू नका.

आता मुलाचं. कायद्याच्या मूलभूत तत्त्वांतच लिहिलेलं आहे की मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. तुमच्या घरात आधीचे उपाय अजून झालेले दिसत नाहीत. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, तरी पंधरा वर्षांच्या पोराला मिळतोय, म्हणजे कोणीतरी विकतोय. मुलाला तंबाखूचा माल देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. दिरांना म्हणावं, मुलावर हात उगारण्याआधी त्या टपरीची तक्रार करा. तंबाखू सोडवायला १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे. १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचे समुपदेशक बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून आई-वडील दोघांनी मुलाबरोबर जायचं. अंगावर धावून जाणं हे फक्त मोबाइलचं नसतं. कधी त्यामागे शाळेत झालेला अपमान असतो, कधी नैराश्य, कधी घरातलंच काहीतरी. तपासल्याशिवाय 'संस्कार कमी पडले' म्हणणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं.

नववीचं फार मनावर घेऊ नका. शाळेत पुन्हा बसवायचं नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देता येते. हे पुतण्यासमोर सांगा. नापास झालेल्या मुलाला पुढची वाट बंद झाली असं वाटत असतं आणि आपण त्याच वेळी त्याला घराबाहेर काढायची भाषा करतो.

आणि जर हे वाचेपर्यंत त्याला तिथे सोडून आला असाल, तर उद्याच जा आणि त्याला भेटायची मागणी करा. फी परत मिळण्यासाठी थांबू नका, तो वाद नंतर घालता येईल. आईवडिलांना स्वतःच्या मुलाला भेटू देत नसतील तर तिथूनच १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी लावा, किंवा ११२ हा आपत्कालीन क्रमांक. बालकल्याण समितीकडे पालक जाऊ शकतात, शेजारी जाऊ शकतो, आणि मूल स्वतःसुद्धा जाऊ शकतं. ती इथे उंटवाडीला बसते. वकील लागत नाही. साध्या कागदावर काय घडलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. मुलाला भेटाल तेव्हा त्यांच्या माणसाला शंभर पावलं लांब उभं करा, मुलाला जेवायला काहीतरी त्याच्या आवडीचं न्या, आणि पहिली दहा मिनिटं काहीच विचारू नका.